पंच्याहत्तर रुपयांची सहल

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘आयटीतल्या मोठ्या मॅडम’ अशी करून दिली. तसं काही नाही. मी हिंजवडीला नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. आज स्वतःची एक जुनी चूक सांगायला उभी आहे.

नववीत आपली सहल राजगडला गेली होती. माणशी 75 रुपये. मी आले नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. सरांनी पुढचे तीन दिवस वर्गात विचारलं, ‘‘पोट कसं आहे गं आता?’’ सर, माझं पोट दुखत नव्हतं. त्या वर्षी आमच्या विहिरीनं तळ दाखवला होता आणि मी घरी पैसे मागितलेच नाहीत. आईनं नाही म्हटलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, हे नववीतल्या पोरीला कळतं. बारामती म्हटलं की लोकांना उसाचे मळे दिसतात. आपण जिरायती पट्ट्यातले, आपल्याला कॅनॉल नकाशातच दिसायचा. त्या सहलीला न गेलेले आणखी किती जण होते, हे मला आत्ता, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. प्रत्येकाचं पोट दुखत होतं.

गंमत अशी, की इतिहासात मला राजगडावरच्या प्रश्नाला पूर्ण मार्क होते. शिवाजी महाराजांनी संभाजी मोहिते यांच्याकडून सुप्याचं ठाणं घेतलं, हे आपल्या गावाचं नाव पुस्तकात आलं म्हणून आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. राजगड मात्र मी पाहिला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या लोकांबरोबर. बालेकिल्ल्यावर कुणीतरी पूर्वेला बोट करून म्हणालं, ‘‘तो पुरंदर.’’ पुरंदरच्या पलीकडे आपलं गाव. इतक्या जवळ होतं हे! मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. कुणाचा, ते अजून नीट सांगता येत नाही.

मे 2018 मध्ये पेपरात एक बातमी आली. राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची 5 मुलं एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, तिथल्या मुलांनी बर्फ कुठं बघितलेला असणार? त्याच्या आधी, 2014 मध्ये, आजच्या तेलंगणातल्या सरकारी निवासी शाळेतली मालवत पूर्णा 13 व्या वर्षी एव्हरेस्टवर गेली होती. ही मुलं आधीच डोंगर चढून मोठी झालेल्यांतली नव्हती. कुणीतरी त्यांच्या शाळेत जाऊन ‘येता का?’ असं विचारलं आणि सगळा खर्च उचलला.

पुण्यातल्या मुलांना असं कुणी विचारायला यावं लागत नाही. ‘गिरिप्रेमी’ ही पुण्यातली संस्था, 1982 पासूनची. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 2012 मध्ये त्यांचे 8 गिर्यारोहक एव्हरेस्टवर गेले, 2019 मध्ये 10 जण कांचनजंगावर. अशा मोहिमांना लागणारा पैसा फार मोठा, तो देणग्यांतून उभा करावा लागतो. पण गिर्यारोहणाची सुरुवात स्वस्तात होते, रविवारी सिंहगडाची बस पकडून. ती बस आपल्याकडून सुटत नाही, एवढाच फरक.

त्या वर्षी दिवाळीत आपल्या वर्गातल्या आम्ही पाच जणांनी महिना हजार रुपये बाजूला टाकायचं ठरवलं. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही, बँकेत एक खातं आणि एक वही. शाळेतल्या नववीच्या सहा मुलांना तीन दिवसांच्या सह्याद्रीतल्या शिबिराला पाठवलं. मला वाटलं होतं, शिबिराची फी भरली की झालं. फी हा खर्चाचा निम्मासुद्धा भाग निघाला नाही. बूट, सॅक, जाड चादर, पुण्यापर्यंतचा प्रवास. बूट तर आम्ही निघायच्या आदल्या दिवशी घेतले. पहिल्याच संध्याकाळी चार पोरांच्या टाचांना फोड! एकानं दुसऱ्या दिवशी अनवाणीच चढण चढली आणि सगळ्यांच्या पुढं गेला. आता आम्ही महिनाभर आधी बूट देतो आणि शाळेत तेच घालून यायला सांगतो.

एका मुलीच्या वडिलांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, ‘‘पोरगी रात्री झोपणार कुठं?’’ प्रश्न योग्यच आहे. तेव्हापासून आमच्यातली एक जण मुलींच्या तंबूत झोपते, आणि राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी केलेल्या आयोजकांकडेच आम्ही मुलं देतो. दुसरा प्रश्न, ‘‘तीन दिवस शेरडं कोण बघणार?’’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या चुलत भावानं बघितली, पण शिबिराची तारीख आम्ही हलवली. आता कांद्याची लागवड उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी.

आपल्या पोरांना कमी समजू नका. शिबिरातले प्रशिक्षक म्हणाले, या मुलींना चालायला शिकवायची गरज नाही. कशी असेल? मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेनं शेरडांमागं माळ तुडवलेला, चिंकारा कुठल्या बाजूला पळेल हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दोराला लटकायची मात्र भीती वाटते. ती मलाही वाटते, अजून.

आपल्यातल्याच एका मित्रानं मला फोनवर विचारलं, ‘‘तू कॉम्प्युटरवाली, मग शाळेला कॉम्प्युटर दे की. डोंगर कशाला?’’ कॉम्प्युटर द्यायला पुष्कळ लोक आहेत, द्यावेतच. मी स्वतः इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला, काही अडलं नाही. पण डोंगर उशिरा भेटला तो भेटलाच उशिरा. हिशोब विचाराल तर एवढंच सांगते: आमचं एकही मूल एव्हरेस्टवर गेलेलं नाही, कुणाचे मार्क वाढले म्हणावं तर तसा पुरावा माझ्याकडं नाही. एक मुलगा मध्येच शाळा सोडून कामाला लागला. शेरडांवाल्या मुलीला मी परत आल्यावर विचारलं, काय आवडलं? मला वाटलं, सूर्योदय म्हणेल. ती म्हणाली, ‘‘ताई, तीन दिवस मला कुणी काम सांगितलं नाही.’’

करोनात दोन वर्षं काहीच झालं नाही. तेव्हा साठलेले पैसे तसेच ठेवले, म्हणून पुढच्या वर्षी आठ मुलं नेता आली. यंदाही आठ आहेत, पाच मुली. त्यांच्या बुटांची मापं घेऊन झाली आहेत. पैशांचं आमचं भागतंय असं नाही, पण खरी अडचण माणसांची आहे. पाच मुली म्हणजे दोन बायका हव्यात आणि सध्या मी एकटीच आहे. घरोघरी जाऊन आयांशी बोलायलाही गावातलंच कुणी पाहिजे. माझं ऐकताना त्यांना वाटतं, ही पुण्याहून आलेली, हिला काय सांगायचं.

जेवणाच्या मांडवात पाण्याच्या जारजवळ वही ठेवली आहे. वर्गणी नंतर कळवलीत तरी चालेल. जानेवारीत तीन दिवस रजा टाकून येणार असाल, तर नाव तेवढं आजच लिहून जा.