दात भरला, पुढे काय?



ह्या व्याख्यानमालेत आपण मोठमोठे विषय ऐकता. कोणी राज्यघटनेवर बोलतो, कोणी ज्ञानेश्वरांवर, कोणी शेतीच्या प्रश्नांवर. त्यांच्या पंगतीला आम्ही एक भरलेली दाढ घेऊन बसलो आहोत, ह्याचा थोडा संकोच वाटतो. परंतु चिटणिसांनी बजावले, की विषय आपल्या धंद्यातलाच घ्या; आणि आमच्या धंद्यात रोज नजरेस पडणारी चूक हीच आहे. दात किडला की माणूस घाबरतो, चार महिने टाळतो, शेवटी येऊन दात भरून घेतो, आणि एकदा भरला की त्याला साफ विसरतो. जणू कर्ज फिटले! आज आम्हांला सांगावयाचे ते एवढेच, की दात भरणे ही डागडुजी आहे, आणि डागडुजीवर नजर ठेवावी लागते.

ज्यांचे केस आमच्यासारखे पिकले आहेत, त्यांना कल्हईवाला आठवत असेल. दारात भाता मांडून तो पितळेच्या पातेल्याला कथलाचा हात देई आणि पातेले चांदीसारखे लखलखे. पण ती कल्हई जन्मभर पुरेल, असे कोणतीही गृहिणी समजत नसे. आतून पितळ दिसू लागले, की त्यात ताक ठेवावयाचे नाही, ते कळकते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. पातेल्याच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवीत होतो, तेच दाढेच्या बाबतीत दाखवा, एवढीच आमची विनंती आहे.

दातात भरतात त्याला आता सगळेच फिलिंग म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू. दातावरचे पांढरे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. परंतु मोडलेले हाड जसे सांधते, तसे हे कवच पुन्हा भरून येत नाही. कारण ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात. म्हणून गेलेल्या जागी परका पदार्थ बसवावा लागतो. आपण जिला चांदी म्हणतो, ती निव्वळ चांदी नव्हे. तिच्यात वजनाने सुमारे निम्मा पारा, आणि बाकी चांदी, कथील व तांबे असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक ह्यांनी ह्या मिश्रणाचे प्रमाण नीट बसवून दिले, आणि पुढे शंभर वर्षे जगाच्या दाढा त्यावर चालल्या. दातासारख्या पांढऱ्या फिलिंगची वाट १९५५ साली मायकेल ब्युनोकोर ह्यांनी मोकळी केली. आम्लाने इनॅमल किंचित खरबरीत केले, तर राळेसारखा पदार्थ त्याला घट्ट धरतो, हे त्यांनी दाखविले. तशी उत्तम राळ राफेल बोवेन ह्यांनी १९६२ च्या सुमारास सिद्ध केली.

ही फिलिंगे बिघडतात का? पहिले कारण उघड आहे: ती चावण्याच्या कामाला जुंपलेली असतात. दुसरे कारण उष्णतेचे. कढत चहा आणि माठातले गार पाणी ह्यांनी चांदी दाताच्या सुमारे दुप्पट फुगते आणि आकसते. एकाच चौकटीत दोन स्वभावांचे भाडेकरू. कडेला भांडण व्हावयाचेच. पांढरी राळ घट्ट होतानाच थोडी आकसते, म्हणून ती भरताना हात फार जपून चालवावा लागतो. तिसरे कारण आपण स्वतः. सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण दाताने उघडणे, बर्फ चावणे, झोपेत दात खाणे. कडेला केसाएवढी फट पडली तरी जंतूंना तो राजरस्ताच होय. गोड खाल्ले की ते आम्ल तयार करतात, आणि फिलिंगच्या खाली, अंधारात, नवी कीड सुरू होते.

आता खुणा सांगतो. गार किंवा गोड लागताच भरलेल्या दाढेत झिणझिणी आली, ही पहिली. ती क्षणात थांबली तर काळजी थोडी. रेंगाळली, गरम पदार्थानेही उठली किंवा रात्री झोपेतून जागे करू लागली, तर आतली नस दुखावली आहे असे समजावे. दुसरी खूण, घास चावताना, विशेषतः दात उचलताना, कळ येणे. तिथे चीर गेलेली असू शकते. तिसरी, पूर्वी न अडकणारे अन्न एका ठराविक फटीत रोज अडकणे, किंवा दात साफ करण्याचा दोरा तिथे फाटणे. चौथी खूण जीभ सांगते: खरखर, धार, खड्डा. जीभ ही फार चौकस बाई आहे. तिला एकदा जागा सापडली, की ती दिवसभर तिथेच जाते. पाचवी, फिलिंगभोवती दातातून दिसणारी काळसर सावली किंवा त्या बाजूस येणारी घाण चव.

आणि सहावी खूण म्हणजे कोणतीच खूण नसणे. दोन दातांच्या मधली किंवा फिलिंगखालची कीड पुष्कळदा क्ष-किरणांच्या चित्रातच दिसते. आमच्याकडे एक शिक्षक येत. त्यांच्या दाढेतील चांदीचा कोपरा उडाला होता. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी दोन वर्षे तशीच काढली. दुखले तेव्हा दुसऱ्याच दिवशी गाल सुजला, आणि दाढ काढावी लागली. ते म्हणाले, "अहो, दुखत असते तर मी आलो नसतो का?" हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की दवाखान्याच्या दारावर लिहून ठेवावे असे वाटते. श्रोतेहो, दुखणे हा आगीचा बंब आहे. तो घंटा वाजवीत येतो, तोवर घर पेटलेले असते.

एवढे ऐकून उद्या सकाळीच कोणी आपली सगळी जुनी फिलिंगे उकरून घ्यावयास निघेल, तर त्याला थांबविणे हेही आमचे काम आहे. कारण ह्या बाबतीत आम्ही स्वतः चुकलो आहोत. व्यवसाय नवा होता, यंत्रे नवी होती. एक आजी दुसऱ्याच दातासाठी आल्या होत्या. त्यांच्या दाढेतील जुनी चांदी काठाला काळी पडलेली आम्हांला दिसली. दुखत नव्हते, कीड दिसत नव्हती. तरी आम्ही ती काढली आणि पांढरे फिलिंग भरले. जुने काढताना थोडा धडका दातही जातोच. खड्डा मोठा झाला, भिंती पातळ झाल्या. वर्षभरात दाढेचा एक कोपरा तुटला, मग कॅप बसवावी लागली, आणि शेवटी दाढच गेली. आजी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, पंचवीस वर्षं ती चांदी गप्प बसली होती. तिला कशाला उठवलंत?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. नुसता काळा काठ म्हणजे कीड नव्हे. खरखरीत कड घासून गुळगुळीत करता येते. लहान फट सांधता येते. उडालेला तुकडा पुष्कळदा तेवढ्यापुरता भरता येतो. सगळे काढून नवे भरणे हा शेवटचा उपाय. आपणही दंतवैद्याला विचारावे, "कीड कुठे आहे, मला आरशात किंवा चित्रात दाखवा. आहे त्याची दुरुस्ती होईल का? काही दिवस नुसते पाहिले तर काय होईल?" असे विचारल्याने चांगला वैद्य रागावत नाही, त्याचे काम सोपे होते.

पाऱ्याच्या भीतीविषयीही दोन शब्द. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. पुढे २०२२ साली, पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया ह्यांच्यासाठी ही चांदी वापरू नये, असे त्यात जोडले गेले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद सोडून, तिचा वापर बंद केला. ह्यामागे मुख्य चिंता पाणी, माती आणि मासे ह्यांत जाणाऱ्या पाऱ्याची आहे. तोंडातली धडकी चांदी त्यासाठी उकरू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही २०२० साली हाच सल्ला दिला.

फिलिंग अचानक निघाले तर काय करावे? कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी, त्या बाजूने चावू नये, पण ब्रश सोडू नये. निघालेली कॅप डबीत घालून बरोबर आणावी. लवंगेच्या तेलाने कळ थोडी मरते, कीड मरत नाही. तंबाखूची चिमूट किंवा दुखण्याची गोळी हिरडीवर दाबून धरू नये. गोळीने हिरडी भाजते. घरातला गोंद तर मुळीच लावू नये. तुकडा गिळला गेला तर बहुधा तो आपल्या वाटेने जातो. मात्र ठसका थांबेना किंवा श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठावे. दुखत नसले तरी आठवड्याच्या आत दाखवावे. चेहऱ्यावर सूज, ताप, गिळताना त्रास किंवा तोंड उघडेनासे झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आणि रोजचे? फ्लोराइड असलेल्या पेस्टने दोन वेळा दात घासावे, त्यांतली एक वेळ झोपण्यापूर्वीची. दातांच्या फटी साफ कराव्या. गोड एकदाच जेवणाबरोबर खावे. दिवसभर चघळू नये. मधुमेह असलेल्यांनी आणि औषधांनी तोंड कोरडे पडणाऱ्यांनी अधिक जपावे. दंतवैद्याला ठरलेल्या मुदतीने दात दाखवावे. पावसापूर्वी आपण कौले पाहतो, ती काही घर गळते म्हणून नव्हे.

आज घरी गेल्यावर दिव्याखाली आरसा धरून आपापली भरलेली दाढ एकदा पाहा. ती गप्प असेल तर तिला उठवू नका. पण ती काही सांगत असेल, तर तिचे ऐका. दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपले वाडवडील म्हणत आले. चण्यांची सोय ज्याची त्याने पाहावी. दातांची थोडीफार सोय आपल्या हाती आहे, एवढे पटले असेल, तर आमचा आजचा तास सत्कारणी लागला.