घर घेऊन घाटाखाली

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे आपल्याकडे नवे नव्हे. हल्ली त्या बिऱ्हाडाला मोटारीची चाके लागली आहेत व त्यास ‘कॅराव्हॅन’ असे नाव मिळाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली या प्रकारच्या प्रवासासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. गेल्या मार्गशीर्षात मीही असे एक घर घेऊन कोल्हापुराहून एकटाच निघालो. लहानशा टेंपोत फळीचा पलंग, गॅसची शेगडी व शंभर लिटरची पाण्याची टाकी बसविली की एका माणसाचे घर पुरे होते. निघताना मुलगी म्हणाली, “बाबा, सोबतीला कोणी तरी घ्या.” मी म्हणालो, “घरच सोबत आहे. आणखी कोण हवे?” या उत्तराचा मला त्या वेळी मोठा अभिमान वाटला. तो पुढे कसा उतरला, तेच आज सांगावयाचे आहे.

राधानगरीचा रस्ता भोगावतीच्या सोबतीने, उसाच्या मळ्यांतून नैर्ऋत्येस जातो. येथील धरणाचे काम शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले व गावाला आपल्या कन्येचे नाव दिले. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा काम अपुरेच होते. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की आपोआप उघडणारे या धरणाचे सात दरवाजे आजही पाहण्याजोगे आहेत.

पुढे दाजीपूरचे अरण्य लागते. ते गव्यांचे राज्य. तेथे वाटेल त्या जागी मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सह्याद्रीच्या या माथ्यावर पावसाची वाटणी होते. कड्याच्या पूर्वेस पडलेला थेंब भोगावतीतून पंचगंगेला, तेथून कृष्णेला मिळतो व सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जातो. चार पावले पश्चिमेस पडलेला थेंब मात्र घाट उतरून लवकरच अरबी समुद्रास भेटतो. कड्यावर उभे राहून खालचे कोकण पाहताना हे मनात आले आणि कितीतरी वेळ पाय तेथून निघेना.

फोंडा घाट उतरू लागलो आणि माझ्या घराने आपले वजन दाखविले. पाणीच एक क्विंटल. शिवाय सारा संसार. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबीत होतो. निम्म्या घाटात जळका वास सुटला व पायाखालचा ब्रेक मऊ लागू लागला. खाली दरी होती. कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला टेकविली. मागून आलेला एक ट्रकवाला थांबला. चाकाजवळ हात नेऊन त्याने तो चटकन मागे घेतला व म्हणाला, “काका, ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरायचा. गाडी इंजिनाने धरायची, ब्रेकाने नाही.” चाके निवेपर्यंत, अर्धा तास, तो माझ्याजवळ बसून राहिला. त्याचे नाव विचारावयाचेही मला सुचले नाही.

देवगडाकडे काळा दगड संपून तांबडा जांभा सुरू होतो. सड्यावर आंब्याच्या बागा, आणि सडा संपताच एकदम समुद्र. कुणकेश्वराच्या अलीकडे, संध्याकाळी, माडांच्या सावलीत मी गाडी उभी केली. एक म्हातारी बाई कंदील घेऊन आली. “एकटेच इलात?” म्हणून तिने विचारले, आणि वर पाहून म्हणाली, “माडाखाली गाडी लावू नकात. नारळ पडलो तर? आमच्या खळ्यात लावा.”

त्या रात्री मला आपल्या धनगरांची आठवण झाली. पावसाळा सरला की ते मेंढरे घेऊन घाट उतरतात व शेतकऱ्याच्या रिकाम्या शेतात वाडा करतात. मेंढरे बसली की शेताला खत मिळते, धनगराला धान्य मिळते. त्यांचेही घर फिरते. पण रोज रात्री ते कोणाच्या तरी जमिनीवर, त्याच्या संमतीने उतरते, आणि तेथे ते हात हलवीत जात नाहीत. मला वाटत होते, चाकांवरचे घर माणसाला कोणाचेही देणे लागू देत नाही. परंतु घर चाकांवर असले, तरी अंगण शेवटी दुसऱ्याचेच असते.

सकाळी मी बाईंना आपली कोल्हापुरी गुळाची ढेप दिली. त्यांनी मोठा असोला नारळ माझ्या हाती ठेवला. परतताना फोंडा घाट चढलो, तेव्हा प्रत्येक वळणावर तो नारळ टेंपोत इकडून तिकडे गडगडत होता. एका हाताने त्याला सहज थांबविता आले असते. मी थांबविले नाही.