शिवणीतली माया

(हीरक महोत्सवी वर्षात आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतला आहे. निकाल, शिष्यवृत्त्या, नवी इमारत यांविषयी पुष्कळ बोलून झाले. मी एका लहानशा विषयावर बोलणार आहे. आपले कपडे घरी शिवणे, आणि जुने झालेले आपल्या हाताने पुन्हा अंगाजोगे करणे, हा तो विषय. महोत्सवाच्या व्यासपीठावर सुई-दोऱ्याचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. भाषणाच्या शेवटी माझी एक विनंती आहे. तोवर कृपया ऐकून घ्यावे.

माझे आजोळ काशीचे, रामघाटावरचे. गंगेच्या काठी रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्या वस्ती करून आहेत. शिवछत्रपतींच्या 1674 मधील राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पुढे भोसल्यांनी, शिंद्यांनी तेथे घाट बांधले. सुटीत आम्ही भावंडे आजीकडे जात असू. पहाटे सांगवेद विद्यालयातला वेदघोष कानी येई आणि दुपारी अरुंद गल्लीतल्या त्या घरात, जिन्याजवळच्या उजेडात बसून आजी शिवत असे.

बनारस म्हटले की मराठी माणसाला शालू आठवतो. मला मात्र आठवतो तो लुगड्याचा दंड. येथे बसलेल्या ज्येष्ठ भगिनींना हा शब्द ठाऊक आहे, मुलांसाठी सांगते. नऊवारी लुगडे आधी विरते ते बसण्याउठण्याच्या जागी, कासोट्याकडच्या भागात. काठ-पदर धड असतात आणि मधला भाग जाळीसारखा होतो. अशा वेळी विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग एकमेकांना जोडून एक लुगडे करायचे. त्या जोडाला दंड म्हणतात. तेथील बाजारात सहावारी साड्यांची रेलचेल असे. आजीला नऊवारी हवे असले की देशावरून येणाऱ्या कोणा नातलगाला निरोप धाडावा लागे. त्यामुळे प्रत्येक लुगड्याचे आयुष्य वाढवणे तिला भागच होते.

दंड घालण्यापूर्वी आजी लुगडे नुसतेच नेसून पाही. जोड कोठे येईल, याचा अंदाज घेई. तो पदरावर येता कामा नये, पाठीवर येता कामा नये. निऱ्यांत दडला पाहिजे. मग दोन्ही कडा आत दुमडून ती बारीक टाक्यांनी शिवी. काशीत जन्म गेल्याने हेमला ती तुरपाई म्हणे. उरलेल्या तुकड्यांतून बाळाची कुंची किंवा दुपटे होई, त्याहून लहान तुकडे गोधडीत जात, आणि अगदी चिंधी उरली तर तिचा काकडा वळला जाई.

तिने शिकवलेला आणखी एक शब्द आज मला सांगायचा आहे. माझ्यासाठी परकर बेतताना ती मापापेक्षा जास्त कापड आत दुमडी. मी विचारले, “आजी, एवढे कापड वाया का घालवतेस?” ती म्हणाली, “वाया नाही गं, माया ठेवते आहे. तू वाढणार ना!” शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला आपले शिंपी आजही माया म्हणतात. उंचीत माया, कुशीत माया, बाहीत माया. वाढत्या अंगाचे कपडे शिवायचे म्हणजे पुढच्या दोन वर्षांची मुलगी आजच डोळ्यांपुढे आणायची.

हे सारे माझ्या हातात होते, पण डोक्यातून गेले होते, याची कबुली मला आज द्यायची आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी या शाळेत नवी शिक्षिका होते. गणवेश तपासणीच्या दिवशी आठवीतील एका मुलीच्या निळ्या स्कर्टच्या खालच्या कडेला चार बोटे रुंदीचा गडद पट्टा दिसला. वर धुवून फिकटलेला निळा, खाली नवाकोरा. शिवण पांढऱ्या दोऱ्याची. मी तिला रांगेतून बाहेर काढले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, “गणवेश नीट घालून यायचे.” त्यानंतर चार दिवस ती शाळेत आली नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई कामावर गेली होती. स्कर्ट दोरीवर वाळत होता. मी तो उलटा करून पाहिला आणि मान खाली घातली. मुलीने रात्री स्वतः जुनी दुमड उसवून उंची वाढवली होती. घरात निळा दोरा नव्हता. टाके मात्र एकसारखे होते, आजीने शाबासकी दिली असती असे. त्या दुमडीत माया पुरती संपली होती. यापुढे सोडायला एक बोटही कापड उरले नव्हते. मुलगी वाढली होती, तिने आपल्या परीने तोड काढली होती, आणि मी त्या हुशारीला अव्यवस्थितपणा म्हटले होते.

शाळेच्या शिवणखोलीत दोन पायमशीन धूळ खात पडली होती. दुसऱ्या दिवशी किल्ली मागून घेतली. त्याच निळ्या कापडाची पट्टी आणली, स्कर्टला खालून जोडली आणि जोडावर एक टक घातला. तो शोभेचा वाटावा आणि जोड त्याच्या पोटात राहावा, ही युक्ती माझी नव्हे, आजीची. मुलीची मी तिच्या वर्गासमोर क्षमा मागितली. शनिवारी शाळा सुटल्यावरचा शिवणाचा तास तेथून सुरू झाला. तो मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे, हे मुद्दाम सांगते. शिंप्याच्या हातातील सुई हा धंदा आणि बाईच्या हातातील सुई हे घरकाम, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. नामदेव महाराज शिंपी कुळातले होते, एवढे स्मरण पुरे.

शिक्षणात हस्तकौशल्याला स्थान असावे, हा विचार नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण शिकून कित्येक स्त्रिया स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनी शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले होते. पत्नीचे कष्ट पाहून तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते घडवले, असे ते म्हणत. कोठारी आयोगानेही कार्यानुभवाचा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र तो विषय बहुधा गुणपत्रिकेतील एका रकान्यापुरता उरला.

आज तयार कपडे स्वस्त मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आई-वडील दोघे नोकरी करतात, वेळ नसतो, हेही खरे. सगळे कपडे घरी शिवावेत, असे मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी मुलाचा शर्ट घेताना तो उलटा करून पाहा. ओव्हरलॉकचे यंत्र शिवण घालतानाच कडेचे जास्तीचे कापड कापून टाकते. आत जेमतेम पाव इंच उरते. असा कपडा सैल करता येत नाही. आत माया असलेला कपडा निवडा. सुती कापड शिवायचे असेल तर आधी एकदा धुवून घ्या, म्हणजे ते आटायचे तेवढे आधीच आटेल. आणि दहावी होण्यापूर्वी प्रत्येक मुलामुलीला चार कामे यावीत: गुंडी लावणे, उसवलेली शिवण घालणे, उंची कमी-जास्त करणे आणि कंबर किंवा कूस आत-बाहेर घेणे. चार शनिवारांत यांची ओळख होते, हा आमचा अनुभव आहे. हात बसायला पुढे सराव हवा.

आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार, असे आपण म्हणतो. परंतु रोजच्या जगण्यातल्या बहुतेक फाटक्या जागा आभाळाएवढ्या नसतात. त्या वीतभर असतात, आणि आपल्याला त्या शिवता येतात हे ज्या मुलाला लहानपणी कळले, ते इतर अडचणींपुढेही एकदम हात टेकत नाही. हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

आता विनंती. महोत्सवी निधीतून काय करावे, याची चर्चा चालू आहे. शिवणखोलीची जागा दुसऱ्या कामाला द्यावी, अशीही एक सूचना आली आहे. ती करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. माझे म्हणणे इतकेच, की ती खोली राहू द्यावी, दोन्ही मशीन दुरुस्त करून घ्यावीत आणि आणखी दोन मिळाली तर आनंद आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हातात ही कला आहे, त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. आणि कोणा मुलाच्या गणवेशावर जोड दिसला, तर त्याला रांगेबाहेर काढण्यापूर्वी तो जोड कोणी घातला हे आपण सर्वांनी विचारावे.

शाळेनेही मुलांसाठी थोडी माया आत राखावी. ती वाढणारच आहेत.