ऑर्केस्ट्रातला संसार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. घड्याळ पाहून थांबायची सवय आमच्या धंद्यात लागतेच, त्यामुळे काळजी करू नका. आमचे हे तिसऱ्या रांगेत बसलेत. ते बोलणार नाहीत. स्टेजवर इतकी वर्षं माझ्या उजव्या हाताला अकॉर्डियन घेऊन बसले, पण त्यांच्या तोंडून "चला" याखेरीज शब्द निघालेला मला आठवत नाही.

शाळेतली माझी ओळख म्हणजे प्रार्थनेला पुढे उभी राहणारी मुलगी. आपल्या संगीताच्या बाई पेटीवर काळी चारचा सूर द्यायच्या. आम्हा मुलींना तो सोयीचा, आणि आवाज फुटलेली मुलं मागून किंचाळायची. (हसताय कोण, ते मला इथून दिसतंय.) बाई, पट्टी म्हणजे काय हे तुमच्याकडून शिकले, आणि त्यावरच पुढे पोट भरलं.

१९८३ साली मी सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात लागले. आशाताईंचा जन्म सांगलीचा, दीनानाथरावांचं बिऱ्हाडही इथेच होतं, त्यामुळे आमचा निवेदक प्रत्येक गावात हे सांगून टाळ्या घ्यायचा आणि मग मला पुढे ढकलायचा. तेव्हा वादकच बारा-तेरा असायचे. ढोलक, तबला, बोंगो-कोंगो, ड्रमसेट, मेंडोलिन, दोन गिटार, बासरी आणि अकॉर्डियन. शंकर-जयकिशनची गाणी लोकांना हवीच असायची, आणि अकॉर्डियन नसेल तर ती गाणी अर्धी वाटायची. म्हणून यांना मान होता. पाकीट मात्र गाणाऱ्याचं जाड, वाजवणाऱ्याचं पातळ. लग्नानंतरही ते तसंच राहिलं. यांनी त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही, हे मी त्यांच्यासमोर सांगते आहे.

लग्न १९८६ला झालं. घरची सून रात्री जत्रेत गाणार, हे सासूबाईंना कसं रुचावं? पण नवरा त्याच टेम्पोत आहे म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. गंमत पुढे झाली. एका मंडळाने निरोप धाडला की पोस्टरवर 'सौ.' नको, 'कु.'च राहू द्या, गर्दी जास्त जमते. यांनी कळवलं, "मग अकॉर्डियनवाल्याचंही नाव 'कु.' छापा." पोस्टरवर 'सौ.' आलं.

मुलगी झाली तेव्हा सहा महिने बसून काढले. नंतर तीही टेम्पोत. स्टेजमागे वाद्यांच्या खोळी एकावर एक टाकून तिचं अंथरूण व्हायचं. ड्रम चालू असताना गाढ झोपायची आणि कार्यक्रम संपून शांत झालं की रडत उठायची.

आता जरा वाजवण्याबद्दल सांगते, कारण ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. दोन कडव्यांच्या मधला तुकडा वादकाचा. रात्री दोन वाजता, थंडीत, विसावं गाणं चालू असताना दम पुरेनासा होतो. अशा वेळी हे मधला तुकडा आणखी एकदा फिरवायचे. श्रोत्यांना वाटायचं, वा, काय वाजवतोय! मी तेवढ्यात पाणी प्यायची. अंतऱ्यात मी सूर लांबवला की ढोलकवालाही माझ्या मानेकडे बघत सम धरून ठेवायचा.

चाळिशी ओलांडल्यावर माझा वरचा आवाज ओढल्यासारखा लागायला लागला. मला वाटायचं, जागरणं होतात, म्हणून. मग हळूहळू त्रास कमी झाला. कितीतरी महिन्यांनी मेंडोलिनवाल्याने सांगितलं की यांनी काळी पाचची माझी सगळी गाणी पांढरी सहावर आणली होती. अर्धा सूर खाली. कीबोर्डवर एक बटण दाबलं की पट्टी बदलते. अकॉर्डियनवर मात्र प्रत्येक गाण्याची बोटं नव्याने बसवावी लागतात. ती त्यांनी मी बाजारात गेले की बसवली.

ऑर्केस्ट्रा मोडला तो एकदम नाही. ऑक्टोपॅड आला आणि चार तालवादक घरी बसले. कीबोर्ड आला, मग बासरी आणि मेंडोलिन गेलं. पुढे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करण्याची सक्ती आली. ती योग्यच आहे असं माझं मत आहे, आजारी माणसांचे हाल आम्ही पाहिलेत. पण पहाटेपर्यंत चालणारा कार्यक्रम तीन तासांवर आला आणि तेवढ्यासाठी तेरा माणसं कोण नेणार?

शेवटी ट्रॅक आला. "ताई, तुम्ही एकट्याच या, ट्रॅक आमच्याकडे आहे." पहिला फोन आला तेव्हा हे शेजारीच होते. म्हणाले, "जा." मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. मी दोन वर्षं एकटी जात होते. ट्रॅक माझ्यासाठी थांबत नाही, तुकडा वाढवत नाही. श्वास चुकला तर तो तुम्हाला सोडून पुढे निघून जातो.

एकदा लवकर घरी आले. हे अंधारात अकॉर्डियन घेऊन बसले होते. त्याला हवा सोडायचं एक बटण असतं, ते दाबून ठेवलं की भाता उघडतो-मिटतो पण सूर येत नाही. तसं चाललं होतं. शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणाले. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

मुलीची शेवटची फी भरली आणि त्याच आठवड्यापासून मी फोनवर सांगायला लागले, आम्ही दोघं येतो, सोबत एक ढोलकवाला. जमत असेल तर सांगा. बहुतेक जण "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. जे बोलावतात ते ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, कोणाची पंचाहत्तरी. पूर्वी महिन्याला बारा कार्यक्रम व्हायचे, आता दोन होतात. भागतं.

आज जेवणानंतर साडेआठला बसणार आहोत, दहाला बंद. फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्या, सिनेमाचं नाव नक्की घाला. आणि लताबाईंच्या मूळ पट्टीचा आग्रह धरू नका. आता पांढरी सहासुद्धा राहिलेली नाही. सध्या कुठली चालू आहे ते यांनाच विचारा.