नदी आधी, रूळ नंतर

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आपल्याला बजावून सांगितलं होतं, की नोकरी, पगार आणि मुलांचे मार्क हे तीन विषय सोडून कशावरही दहा मिनिटं बोला. त्यामुळे सॉफ्टवेअरबद्दल मी एक अक्षरही बोलणार नाही. मी बोलणार आहे छोट्या आगगाडीबद्दल. खरं सांगायचं तर त्या गाडीच्या पुलाखालून वाहणाऱ्या नदीबद्दल.

मॉडेल रेल्वे हा छंद आपल्याकडे फार जणांना माहीत नाही. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. टेबलावर एक अख्खं गाव, त्यात रूळ, सिग्नल, बोगदे, आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या. ते गाव काल्पनिक आहे. मला मात्र खरी जागा करायची होती, आणि रत्नागिरीच्या माणसाला अशा वेळी दुसरं काय सुचणार? पानवलचा पूल.

आपण शाळेत होतो त्या वर्षांत कोकण रेल्वे आपल्या डोळ्यांदेखत बांधली गेली. 1990 साली कॉर्पोरेशन स्थापन झालं, श्रीधरन साहेब त्याचे प्रमुख होते, आणि 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग सुरू झाला. आपल्यापैकी काहींच्या घरच्या काजूच्या आणि आंब्याच्या बागांतून हा मार्ग गेला, तेही विसरायला नको. रत्नागिरी आणि निवसर या स्टेशनांच्या मध्ये पानवल नदीवर जो पूल उभा राहिला तो 424 मीटर लांब आणि सुमारे 64 मीटर उंच आहे. एका काठावर पुलाचा एकेक तुकडा ओतायचा आणि जॅकने तो खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा, अशा पद्धतीने तो बांधला. दरीच्या तळापासून टेकू उभे करायची गरजच पडली नाही. भारतात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली ती या पुलासाठी.

आता माझं प्रमाण सांगते. मी एकास एकशेसाठ हे प्रमाण घेतलं. त्या हिशेबाने पूल होतो 2 मीटर 65 सेंटिमीटर लांब आणि 40 सेंटिमीटर उंच. गाडीचा एक डबा साधारण 15 सेंटिमीटर, आणि उभा माणूस एक सेंटिमीटर. आमच्या घराच्या वरच्या खोलीत एका भिंतीला हे सगळं बसतं. सासूबाई म्हणतात, तेवढ्या जागेत छान कपाट आलं असतं. तेही खरंच आहे.

या छंदात बहुतेक जण सुरुवात कुठून करतात? प्लायवूड आणायचं, त्यावर रूळ टाकायचे, गाडी फिरवून बघायची, आणि मग उरलेल्या जागेत डोंगर, झाडं, देऊळ आणि नदी. नदीसाठी प्लायवूडवर सेंटिमीटरभर खोल चर पाडायचा, निळा रंग द्यायचा, वर वार्निश. ती नदी दिसते गटारासारखी. आणि याचं कारण रंगकाम वाईट असतं हे नव्हे. कारण असं, की ती नदी रुळांच्या नंतर आलेली असते. खऱ्या जगात असं कुठेच होत नाही. नदी आधी येते, रूळ नंतर.

पानवलचंच उदाहरण घ्या. मे महिन्यात पुलाखाली पाहिलं तर पाणी किती असतं? उडी मारून ओलांडता येईल एवढं. मग इतक्याशा पाण्यासाठी 64 मीटरचा पूल कशाला? याचं उत्तर गणितात आहे, आणि आपल्या गणिताच्या सरांना ते आवडेल. कोकण रेल्वेचा चढ 150 मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं ठरलेलं होतं. म्हणजे 60 मीटर खाली उतरून नदी ओलांडायची तर अलीकडे 9 किलोमीटर उतरण लागणार, आणि पलीकडे पुन्हा 9 किलोमीटर चढण. सड्यावरून येणाऱ्या गाडीला एवढी ये-जा करायला त्या दरीत जागा आहे कुठे? म्हणून पूल उंच. थोडक्यात, पुलाची उंची इंजिनियरांनी मोजली खरी, पण ती ठरवली त्या उडी मारण्याएवढ्या नदीने. हजारो पावसाळे तिने कातळ कापला, तेव्हा ती दरी झाली.

म्हणून मी प्लायवूडची सपाट पाटी वापरलीच नाही. लाकडी चौकट उघडी ठेवली आणि सगळ्यात आधी दरीचा तळ बसवला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. त्यावर थर्माकोलचे थर चढवत दोन्ही उतार केले, वरून प्लास्टर. वरच्या कडेला जांभा, तांबडा आणि छिद्रं असलेला. खाली नदीत काळा कातळ. हा क्रम उलटा झाला तर रत्नागिरीचा माणूस दोन सेकंदांत सांगेल, की ही जागा आपल्याकडची नाही. जांभ्याचा चुरा घरचाच, चिऱ्याचा तुकडा खलबत्त्यात कुटून केलेला. वाळू चहाच्या गाळणीतून आणि पिठाच्या चाळणीतून चाळून घ्यायची, कारण एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात 16 सेंटिमीटरचा गोटा होतो. झाडांसाठी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि नारळाचा काथ्या. कोकणात राहून झाडं विकत आणायची म्हणजे कमालच.

आता पाणी. मला सगळे विचारतात, खरं पाणीच का नाही सोडत? एक छोटा पंप बसवला की झालं. त्याची अडचण अशी, की डबा लहान करता येतो, पाणी लहान करता येत नाही. पाण्याचा थेंब तीन मिलिमीटरचा असेल तर या प्रमाणात तो जवळजवळ अर्ध्या मीटरचा गोळा होतो. पाण्याच्या पृष्ठभागाला जो ताण असतो, तो लहान मॉडेलसाठी कमी होत नाही, आणि गुरुत्वाकर्षणही आपल्यासाठी सवलत देत नाही. त्यामुळे खरं पाणी सोडलं की नदी खोटी दिसते आणि बाकीचं मॉडेल खेळणं वाटायला लागतं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 पासूनचं. तिथे नद्यांची आणि बंदरांची मोठमोठी मॉडेल्स करून त्यांत खरंच पाणी सोडतात. पण तिथेसुद्धा बऱ्याचदा खोलीचं प्रमाण मुद्दाम वेगळं, वाढवून घ्यावं लागतं, नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरेल. त्यांना पाणी कसं वागतं ते शोधायचं असतं. मला ते फक्त कसं दिसतं तेवढंच दाखवायचं होतं.

तेव्हा उपाय म्हणजे इपॉक्सी रेझिन. दोन द्रव असतात, सांगितलेल्या प्रमाणात काटेकोर मोजून मिसळायचे. पण खरी नदी रेझिनमध्ये नसते, ती तळाच्या रंगात असते. चित्रकलेच्या तासाला आपण सगळ्यांनी दोन डोंगरांमधून येणारी निळी नदी काढली आहे. तो निळा रंग आकाशाचा असतो, आणि खोलीत आकाश नसतं. म्हणून तळ रंगवताना काठाला वाळूचा फिकट रंग, आत शेवाळी, आणि डोहाच्या मध्यावर जवळजवळ काळा. हे तिन्ही रंग एकमेकांत मिसळले, की तीन मिलिमीटरचं रेझिन पुरुषभर खोल दिसतं. वळणावर बाहेरचा काठ खोल आणि कापलेला, आतल्या बाजूला वाळूचा पट्टा. भूगोलाच्या बाईंनी हे आपल्याला आकृतीसकट शिकवलं होतं. पाच मार्कांचा प्रश्न होता तो.

रेझिन ओतण्याआधी तळाला पातळ फेविकॉलचे दोन हात द्यावे लागतात, नाहीतर वाळूतली हवा बुडबुडे होऊन वर येते. मग दोन-तीन मिलिमीटरचा एकच थर, आणि चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. सगळं एकदम ओतलं तर ते आतल्या आत तापतं, तडकतं किंवा पिवळं पडतं. आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर चिकट, धुरकट साय धरते. म्हणून रत्नागिरीत हे काम दिवाळी ते शिमगा एवढ्याच दिवसांत करावं. पावसाळ्यात कोकण रेल्वेसुद्धा वेगळं, संथ वेळापत्रक लावते. वाऱ्याचा वेग मोजायला पानवलच्या पुलावर यंत्र बसवलेलं आहे. मग आपण कोण घाई करणार?

रेझिनची आणखी एक खोड आहे. ते आपली पातळी आपणच गाठतं. उतारावर ओतलं की खाली जाऊन साचतं. म्हणजे उतरती नदी करायची तर ती टप्प्याटप्प्यांनीच करावी लागते: एक सपाट डोह, मग दगडांची पायरी, मग पुढचा डोह. पायरीवर तेवढा पांढरा फेस, तोही कोरड्या ब्रशने, अगदी कंजूसपणे. प्रत्येक मोठ्या दगडाच्या वरच्या अंगाला पाणी किंचित फुगलेलं, खालच्या अंगाला दोन रेघा फाकत गेलेल्या. हे करता करता लक्षात आलं, की ही काही रेझिनची अडचण नव्हे; सह्याद्रीतून निघून काही तासांत समुद्राला मिळणाऱ्या आपल्या नद्या अशाच तर आहेत. कोंड, खळखळ, पुन्हा कोंड.

मग प्रश्न आला, कुठल्या महिन्यातली नदी? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यामुळे आषाढातली नदी तांबडी आणि फुगलेली, मार्गशीर्षातली काचेसारखी, वैशाखातली नुसती डबकी. तीन वेगळ्या नद्याच त्या. मी मार्गशीर्ष घेतला. पण काठावर, पाण्याच्या बरीच वर, आषाढाची खूण ठेवली: झुडपांत अडकलेलं गवत, काटक्या, एका जागी चिंधी. चांदेराईच्या बाजारपेठेत काजळीचं पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती रेघ ओळखायला समजावून सांगावं लागत नाही. नदीची रुंदी म्हणजे आज दिसतं तेवढं पाणी नव्हे. ती त्या वरच्या रेघेपर्यंत असते. घरं बांधताना, भराव घालताना आपण हेच विसरतो, आणि मग पूर आला की नदीला दोष देतो.

आणि आता मुद्द्याचं. एवढं सगळं झाल्यावर माझी मुलगी, जी पुण्यात वाढली, तिने दोन डोहांकडे बोट दाखवून विचारलं, "आई, यांची नावं काय?" पुलाचे आकडे मला तोंडपाठ आहेत. डोहांची नावं मला सांगता आली नाहीत. नकाशात नदीला एकच नाव असतं. पण गावात विचारलं तर प्रत्येक कोंडाला वेगळं नाव निघतं: कुठे गुरं धुतात, कुठे गौरी-गणपती पोहोचवतात, कुठे मुलांनी पोहायला जायचं नाही. ही नावं उपग्रहाच्या फोटोत दिसत नाहीत. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं दर वर्षी कमी होत चालली आहेत. पुलाचे आराखडे कुठल्या तरी कार्यालयात जपलेले असतील. या नावांना तसं कार्यालय नाही.

आपण पन्नासेक जण या सभागृहात आहोत. कुणाचं गाव काजळीकाठी, कुणाचं शास्त्रीकाठी, कुणाचं नुसत्या एका पऱ्याच्या काठी. आपल्यातले निम्मे याच रेल्वेने बाहेर गेले आणि याच रेल्वेने गणपतीला येतात. येताना पुलावरून खाली बघायला आपल्याला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. माझी विनंती एवढीच आहे: या वेळी घरी गेलात की आजीला, काकांना, शेजारच्या खोताच्या म्हाताऱ्याला विचारा, की आपल्या नदीच्या कुठल्या डोहाला काय म्हणतात आणि का म्हणतात. वहीत लिहा, हातानेच एक वाकडातिकडा नकाशा काढा. तेवढं पुरे. मॉडेल करायलाच हवं असं नाही, पण कुणाला करायचं असेल तर वाळू चाळायला मी येईन.

माझ्या नदीचे दोन्ही डोह अजून बिननावाचे आहेत. पाटीची जागा सोडून ठेवली आहे. पानवलचं कुणी इथे असेल, तर जेवणाच्या सुटीत मला जरूर भेटा.