गावाने दोन माणसे द्यावीत

(दुधनी येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



माझे कानडी तुम्हाला ठाऊक आहे. बाजारापुरते आहे, त्याच्या पुढे गेले की तुम्ही हसता. म्हणून मराठीत बोलतो. मागे बसलेल्या आजींना शेजारच्या मुलीने समजावून सांगावे. ती सांगतेच आहे, मी मघापासून पाहतो आहे.

येळ अमावास्या तोंडावर आली. त्या दिवशी आपण सगळे शेतात असतो. भज्जी, उंडे, आंबील. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून पंगतीला बसवतो. पाहुणा अक्कलकोटचा की आळंद-अफझलपूरचा, हे कोणी विचारत नाही. आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तूर खळ्यावर येते, तेव्हा हीच माणसे एकेकटी पोती घेऊन बाजाराला निघतात. शेजाऱ्याने कालच्या सौद्यात काय भाव घेतला, हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. जेवायला आपण गाव असतो, विकायला मात्र एकटे. आज मला एवढ्याच गोष्टीवर बोलायचे आहे.

आपण एकत्र येऊ शकत नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूरवर हक्क सांगितला. त्या धामधुमीत आपल्या तालुक्यातल्या काही गावांनी आम्ही कर्नाटकात जातो असे ठराव केले. रस्ता नाही, पाणी नाही, म्हणून केले. मला त्या ठरावांचा राग आला नाही. मी एवढेच पाहिले की ज्या गावांत पाच माणसे एका पारावर बसत नाहीत असे आपण म्हणतो, ती गावे चार दिवसांत एक झाली. कॅमेरे आले, पुढारी आले, सगळे झाले. मग तुरीच्या भावासाठी असे का होत नाही?

बरे, हद्द ओलांडून काय मिळणार? तिकडे कलबुर्गी म्हणजे तुरीचे कोठार. त्याच २०२२ च्या अखेरीस तिथली तूर ऐन शेंगांत उभी वाळली. ते नेटे रोग म्हणतात, आपण मर म्हणतो. बुरशी मातीतली आहे, तिला राज्याची हद्द कळत नाही. परदेशच्या तुरीचेही तसेच. १५ मे २०२१ ला केंद्राने तुरीची आयात खुली केली आणि मुदत वाढवत वाढवत ती मार्च २०२६ पर्यंत आणली. बंदरावर उतरलेली म्यानमारची, मोझांबिकची तूर दुधनीचाही भाव पाडते आणि आळंदचाही. हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी ८,००० रुपये जाहीर झाला. जाहीर झाला म्हणजे मिळाला असे नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

२०१५ मध्ये शहरात डाळ २०० रुपये किलोच्या घरात गेली, सरकार घाबरले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, आपण सगळ्यांनी तूर पेरली आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० च्या हमीभावाखाली तूर गेली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही, २२ एप्रिलला खरेदी बंद. तो उन्हाळा ज्याने रांगेत काढला त्याला ते वर्ष विसरता येणार नाही.

हे सारे दिल्लीत ठरते, आणि तिथे लढायचे ते आपण लढूच. पण दिल्लीत न ठरणाऱ्याही गोष्टी आहेत. तूर आली की आठ दिवसांत विकायची, हे दिल्ली ठरवत नाही. ते ठरते आपल्या घरात, जूनमध्ये घेतलेल्या उचलीमुळे.

अडत्याला शिव्या देणे सोपे आहे. पण रात्री बारा वाजता बाळंतपणाला सोलापूरला न्यायचे तर पैसे कोण देतो? तोच देतो. बँकेचे दार तेव्हा बंद असते. त्याच्याइतके तुमच्या उपयोगी पडणारे दुसरे कोणी गावात उभे राहिल्याशिवाय माल त्याच्याच दुकानी जाणार. मला तरी यात त्याचा दोष दिसत नाही.

दुसरे काय उभे करता येते ते ऐका. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. तूर वाळवून, चाळून बाजार समितीच्या गोदामात ठेवायची. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांपर्यंत ६ टक्के व्याज, साठवणीचा आकार नाही. व्यापाऱ्याचा माल त्यात घेत नाहीत. हिशेब करा. दहा क्विंटल तूर, भाव ७,००० धरला तर ७०,००० चा माल. ५२,५०० हातात येतात, चार महिन्यांचे व्याज १,०५०. म्हणजे क्विंटलमागे १०५ रुपये. चार महिन्यांत भाव त्याहून जास्त चढला तर तेवढा फायदा तुमचा. उतरला तर तोटाही तुमचाच, हेही आज सांगून ठेवतो. २०१७ सारखे वर्ष आले तर थांबणारा बुडतो. म्हणून सगळा माल ठेवू नये. निम्मा विकावा, निम्मा ठेवावा.

तीस-पस्तीस वर्षांची योजना, आणि इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी वापरली? हात वर करा. मोजायला फार वेळ लागला नाही.

कारण सांगतो, आणि त्यात माझीही चूक आहे. कृषी पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव प्रात्यक्षिके घेत असे. मर रोगाला दाद न देणारे तुरीचे वाण, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, मराठीत छापलेली गुळगुळीत पत्रके. जीपमधून माणसे आणायची, चहा पाजायचा, फोटो काढायचा. पुढच्या वर्षी जाऊन पाहावे तर सगळे पहिल्यासारखे. एका गावात मात्र निम्म्या शिवारात बीजप्रक्रिया झालेली. मला वाटले, आपले भाषण लागू पडले. चौकशी केली तर निराळेच निघाले. एका बाईने पत्रक नातीकडून कानडीत वाचून घेतले होते, आपल्या बियाण्याला औषध चोळले होते, आणि दळणाला आलेल्या प्रत्येकीला ते सांगितले होते. आळंदकडच्या आपल्या माहेरीही कळवले होते. तिला कोणी सभापती केले नव्हते. तिच्या गिरणीशी रोज चाळीस घरे येत होती, एवढेच तिचे बळ.

मी पदवीधर, ती निरक्षर. पण गाव तिचे होते. तेव्हापासून मी पत्रके वाटणे सोडले.

शरद जोशींनी १९९१ मध्ये चतुरंग शेती मांडली. त्यातल्या माजघर शेतीची आपण थट्टा केली. बायकांचे काम म्हणून सोडून दिले. आज हिशेब पाहा. गिरणीत क्विंटलभर तुरीची सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते, वर चुणी जनावरांना. दुधनीला रेल्वे स्टेशन आहे. मुंबईहून निघालेली ही लाईन १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. तेव्हापासून गाड्या आपल्या दारावरून जातात. आपला माल पोत्यातच जातो आणि डाळ होऊन किराणा दुकानातून परत येतो.

कोणी म्हणेल, बाजार समितीत आपली माणसे बसवू. जरूर बसवा. पण आठवण ठेवा, २०१७ मध्ये कायद्याने दहा गुंठेवाल्या शेतकऱ्याला समितीच्या निवडणुकीत थेट मत दिले. २०१८ मध्ये आपल्या सोलापूरची निवडणूक तशी झाली. २०२० मध्ये ते मत काढून घेतले. आपल्या गावातून एक मोर्चा तरी निघाला का? वरून दिलेले वरून गेले, आपल्याला कळलेही नाही. ज्या गावात विचारणारे माणूस नाही त्या गावाला मत असून नसल्यासारखेच.

म्हणून या हंगामापुरती माझी मागणी लहान आहे. प्रत्येक गावाने दोन माणसे द्यावीत. पुढारी नकोत, पांढरे कपडे नकोत. एक असा, ज्याला काटा आणि माल कळतो. दुसरी बाई असावी, जिच्याकडे गावातल्या बायका विश्वासाने बोलतात. दोघांपैकी एकाला लिहिता यावे आणि एकाला कानडी यावे. त्यांनी रोज संध्याकाळी गावात आलेल्या पट्ट्या पाहून भाव फळ्यावर लिहायचा. कोणाचे नाव लिहायचे नाही, फक्त भाव, वजन आणि ओलावा. हद्दीपलीकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांनी तिकडचा भाव फोनवर विचारून त्याच फळ्यावर टाकायचा. आणि वीस घरांची मिळून जेवढी तूर थांबू शकेल तेवढी एकदम तारणाला न्यायची. एकट्या माणसाला गोदामात जागा नाही असे सांगून परत पाठवता येते, वीस जणांना तसे सांगणे जड जाते.

भांडणे होतील. फळा पुसला जाईल. पहिल्या वर्षी वीसच्या जागी सात घरे येतील. सात तर सात. सोलापूरचे तळे सिद्धरामेश्वरांनी माणसे जोडूनच खोदले, पहिल्या दिवशी तिथेही खोदणारे थोडेच असतील.

सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. मापक इथे टेबलावर ठेवले आहे. ज्यांनी रुमालात नमुना आणला आहे त्यांनी रांगेने यावे, बायकांनी आधी. शेजारी वही आहे. तपासून झाले की गावाचे नाव लिहा आणि त्यापुढे दोन माणसांची नावे. ज्या गावाची नावे आज ठरत नसतील त्यांनी जागा कोरी सोडावी, मी येळ अमावास्येला तिकडे जेवायला येतो, तेव्हा भरून घेईन.