सर्व्हरची डिस्क बदलल्यानंतर

शिराळ्यातली पतसंस्था असो की दूध संस्था, सभासदांचे हिशेब आता सर्व्हरवर असतात. त्यातली एक हार्ड डिस्क बंद पडली, तर काय होतं?

सर्व्हरमध्ये बहुधा अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या असतात. या रचनेला ‘रेड’ म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती 1988 मध्ये शोधनिबंधातून मांडली. तिच्या ‘रेड 5’ या प्रकारात मूळ माहितीबरोबर पडताळ्याची माहितीही सगळ्या डिस्कवर विखुरलेली असते. समजा, वहीत सकाळचं दूध 7 लिटर, संध्याकाळचं 5, बेरीज 12 असं लिहिलंय. त्यातला 5 पुसला गेला, तरी 12 मधून 7 वजा करून तो परत मिळतो. इथे गणित शून्य आणि एकाचं, पण युक्ती हीच.

नवी डिस्क बसवली की उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून हरवलेली माहिती पुन्हा लिहिली जाते. मोठ्या डिस्कला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. खरा धोका याच वेळी! बाकीच्या डिस्क बऱ्याचदा तेवढ्याच जुन्या असतात. त्यातली आणखी एक गेली, तर सगळंच जातं. ‘रेड 6’ दोन डिस्क गेल्या तरी तग धरतं.

म्हणून आधी बॅकअप तपासा, यूपीएस चालू ठेवा आणि डिस्क ओढण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक जुळवून बघा. घाईत चांगलीच डिस्क बाहेर निघते. चुकून पुसलेली नोंद मात्र रेड परत देत नाही. त्यासाठी वेगळी प्रत हवी, आणि तीही दुसऱ्या गावी. 2019 चा वारणेचा पूर आपण पाहिलाच आहे.